ड्वेल भरायचा मिलिसेकंदात, ठरवायचा अँपिअरमध्ये

आफ्टरमार्केट ईसीयू (कंपनीच्या ऐवजी बाहेरचा, इंजिन चालवणारा संगणक) बसवलेल्या गाडीत ड्वेल, म्हणजे ठिणगीआधी इग्निशन कॉइल भरायचा वेळ, किती ठेवायचा असे विचारले की उत्तर लगेच मिळते: तीन मिलिसेकंद ठेव, नाहीतर साडेतीन. कॉइल कुठली, तिच्यात इग्नायटर (करंट चालू-बंद करणारा स्विच) आहे का, एक कॉइल किती प्लगना पुरवते, स्टार्टर मारताना व्होल्टेज किती खाली येते, हे प्रश्न मागेच राहतात. मग महिन्याभरात कॉइल जळते, किंवा गाडी ५००० आरपीएमच्या पुढे मिस मारायला लागते, आणि दोष इंधनाच्या मॅपवर येतो. ड्वेल हा कुणाकडून उतरवून घ्यायचा आकडा नाही. आपल्याला हवा असतो तो कॉइलमधला ठराविक करंट, आणि त्या करंटपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ म्हणजे ड्वेल. हे पटले की पुढचा शोध सोपा होतो.

प्लॅटिनम (कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉईंट) असलेल्या जुन्या गाड्यांत ड्वेल अंशांत मोजायचे. समजा चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉईंट ५४ अंश बंद राहतात. इंजिन १००० आरपीएमवर असताना डिस्ट्रिब्युटर ५०० वर फिरतो, म्हणजे कॉइलला १८ मिलिसेकंद मिळतात. ६००० आरपीएमला उरतात फक्त ३. आयडलला एवढा वेळ करंट वाहूनही ती कॉइल टिकायची, कारण तिच्या प्रायमरीचा (बॅटरीकडच्या वेढ्याचा) रेझिस्टन्स जास्त असायचा आणि बऱ्याच गाड्यांत बॅलास्ट रेझिस्टरही असायचा. आताच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आसपास असतो. १४ व्होल्टला सोडून दिली तर ती २५ अँपिअरच्या दिशेने धावते. तिला आवरणारा एकच, ईसीयूत आपण भरलेला आकडा.

थोडे गणित करू, कारण सगळे उत्तर त्यातच आहे. प्रायमरीचा इंडक्टन्स ३ मिलिहेन्री, रेझिस्टन्स ०.५ ओहम, आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) आणि वायरिंगमध्ये मिळून १.५ व्होल्ट खाल्ले जातात, आणि हवा असलेला करंट ७ अँपिअर, असे धरा. साठणारी ऊर्जा म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, त्याचे अर्धे: सुमारे ७३ मिलिजूल. रस्त्यावरच्या इंजिनाला ती भरपूर आहे, माफक बूस्टलाही (टर्बोच्या दाबालाही) पुरते. बॅटरी १४ व्होल्ट असताना ७ अँपिअरला पोहोचायला १.९७ मिलिसेकंद लागतात. १२ व्होल्टला २.४३, १० व्होल्टला ३.१८ आणि ८ व्होल्टला ४.६४. उलट १६ व्होल्टला १.६६ पुरतात. १४ व्होल्टचा आकडा १०० टक्के धरला तर व्होल्टेजच्या दुरुस्तीच्या तक्त्यात ८, १०, १२, १४ आणि १६ व्होल्टसमोर अनुक्रमे २३५, १६१, १२३, १०० आणि ८४ येतील. या ओळीचा आकार नीट पाहा. खालच्या व्होल्टेजला ती झपाट्याने चढते. सरळ रेषेत भरलेला तक्ता मधे बरोबर वाटतो आणि नेमका स्टार्टर मारताना तोकडा पडतो.

हे आकडे या उदाहरणातल्या कॉइलचे आहेत, तुमच्या गाडीत भरू नका. कॉइल बनवणाऱ्याने दिलेला तक्ता मिळाला तर तोच वापरा. बॉश मोटरस्पोर्टच्या कॉइलच्या माहितीपत्रकांत व्होल्टेजनुसार ड्वेल छापलेला असतो.

आता याच कॉइलला १४ व्होल्टला २ ऐवजी ५ मिलिसेकंद दिले तर काय होते ते बघा. करंट कागदावर १४ अँपिअरवर जातो. प्रत्यक्षात कोअर (कॉइलमधला लोखंडी गाभा) त्याआधीच सॅच्युरेट होतो, म्हणजे चुंबकत्वाने भरून जातो, त्यामुळे ठिणगी फारशी सुधारत नाही. तांब्यात होणारी उष्णता मात्र सुमारे ११ पट होते, कारण ती करंटच्या वर्गावर चालते. कोअर भरल्यावर इंडक्टन्स पडतो आणि करंट आणखी वेगाने चढतो, म्हणून खरा आकडा त्याहूनही वाईट असतो. ‘थोडा जास्त ड्वेल दिला तर काय बिघडते’ असे म्हणणाऱ्याला हे ११ पटीचे गणित दाखवावे.

दुसरी मर्यादा वेळेची. ७००० आरपीएमला एक फेरी ८.५७ मिलिसेकंदांची. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आणि ईसीयू सिक्वेन्शियल (प्रत्येक कॉइल तिच्या पाळीलाच चालवणारा) असेल तर दोन ठिणग्यांत १७.१ मिलिसेकंद मिळतात. दोन प्लगना एक कॉइल, म्हणजे वेस्टेड स्पार्क असेल तर ८.५७. डिस्ट्रिब्युटर असलेल्या चार सिलिंडरला फक्त ४.२९. साडेतीन मिलिसेकंदांचा ड्वेल पहिल्या मांडणीत २० टक्के ड्युटी (एकूण वेळेतला भरण्याचा वाटा) देतो, दुसरीत ४१ टक्के. तिसरीत तो बसतच नाही, कारण ठिणगी जळायलाही साधारण एक मिलिसेकंद हवा असतो आणि साडेतीन अधिक एक म्हणजे साडेचार. एकाच्या गाडीतला आकडा दुसऱ्याच्या गाडीत का चालत नाही, त्याचे अर्धे उत्तर इथे आहे.

अशा वेळी ईसीयू मुकाट्याने ड्वेल कापतो. स्पीडुइनो या ओपन सोर्स ईसीयूमध्ये ‘स्पार्क ड्युरेशन’ नावाचा आकडा असतो. ड्वेल आणि तो मिळून उपलब्ध वेळेपेक्षा जास्त झाले की ड्वेल कमी केला जातो. स्क्रीनवर तुम्ही भरलेले ३.५ तसेच दिसत राहतात. म्हणून लॉगमध्ये प्रत्यक्ष ड्वेलचा चॅनेल उघडून रेडलाइनजवळची किंमत बघा, सेटिंगच्या पानावर विसंबू नका.

ड्वेलला हात लावण्याआधी चार गोष्टी तपासा. यांत चूक असेल तर ड्वेल कितीही बदलून उपयोग नाही.

पहिली, कॉइलची जात. दोन पिनांची कॉइल बहुतेक वेळा साधी असते, तिला बाहेरून इग्नायटर किंवा आयजीबीटी लागतो. स्पीडुइनोच्या बोर्डाचा आउटपुट हा फक्त सिग्नल आहे. त्याला साधी कॉइल थेट जोडली तर बोर्ड जातो. तीन, चार, पाच पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर असण्याची शक्यता जास्त, पण पिना मोजून निर्णय घेऊ नका. तीन पिनांचा वेस्टेड स्पार्क पॅक एक समाईक बारा व्होल्ट आणि दोन साध्या प्रायमरींचा असू शकतो. टोयोटाच्या चार पिनांच्या कॉइलमध्ये चौथी तार ठिणगी झाल्याचे ईसीयूला कळवते. आफ्टरमार्केट ईसीयूला ती सहसा लागत नाही, आणि ती ट्रिगर (ठिणगीचा आदेश नेणारी तार) समजून जोडली तर ठिणगीच येत नाही. सीडीआयच्या बाइकची कॉइल तर इथे आणूच नका. सीडीआयमध्ये ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते, कॉइल नुसती ट्रान्सफॉर्मरचे काम करते. तिचा इंडक्टन्स इतका कमी असतो की साधा ड्वेल दिल्यावर करंट सुसाट चढतो आणि आयजीबीटी फुटतो. जुन्या बाइकच्या कॉइलवर इंजेक्शनचा प्रयोग करणाऱ्यांनी हे आधी बघावे.

दुसरी, सिग्नलची दिशा. बहुतेक इग्नायटर सिग्नल वर गेला की कॉइल भरतात आणि खाली आला की ठिणगी देतात. स्पीडुइनोत याला ‘गोइंग लो’ म्हणतात. हे उलटे बसले तर इंजिन थांबलेले असताना, नुसती चावी फिरवल्यावर कॉइलमधून करंट वाहत राहतो आणि दोन-तीन मिनिटांत कॉइल हात लावू देत नाही. उलट्या जोडणीवरही इंजिन कधीकधी सुरू होते, फसगत तिथेच होते. ठिणगी पडायला हवी तेव्हा कॉइल भरायला लागते आणि भरायला हवी तेव्हा ठिणगी पडते, म्हणजे टायमिंग ड्वेलइतके पुढे सरकते. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, म्हणून ३ मिलिसेकंदांच्या ड्वेलला १८ अंशांची चूक. ३००० ला तीच ५४ अंश होते. ओळखायचे असे: ईसीयूत टायमिंग १० अंशांवर स्थिर करा, टायमिंग लाइट लावा आणि आरपीएम वाढवा. खूण जागेवर राहिली पाहिजे. ती आरपीएमबरोबर भराभर पुढे पळाली तर दिशा उलटी आहे. एखाददुसऱ्या अंशाने हळूहळू मागे सरकली तर तो सेन्सरच्या विलंबाचा वेगळा विषय.

तिसरी, वीजपुरवठा. ईसीयू स्वतःच्या पिनेवरचे व्होल्टेज वाचून ड्वेल दुरुस्त करतो, कॉइलवर काय पोहोचते ते त्याला दिसत नाही. गंजलेला रिले किंवा बारीक तार दीड व्होल्ट खात असेल तर ईसीयूला १४ दिसतात आणि कॉइलला १२.५ मिळतात. साधा मल्टिमीटर इथे सरासरी दाखवतो, त्यामुळे ड्वेलच्या काळात होणारी घसरण त्यात लपते. स्कोपने कॉइलच्या बारा व्होल्टच्या पिनेवर, करंट चढत असतानाचे व्होल्टेज बघा. बॅटरीपासून कॉइलपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त पडता कामा नये, अर्थिंगच्या बाजूला ०.२ पेक्षा जास्त नको. चार कॉइलसाठी स्वतंत्र रिले, त्यापासून २.५ चौरस मिलिमीटरची तार, आणि कॉइलची पॉवर अर्थिंग थेट सिलिंडर हेडवर. सिग्नलची अर्थिंग वेगळी, ईसीयूकडे. या दोन्ही अर्थिंग एकाच बोल्टवर एकत्र केल्या की ठिणगीचा विद्युत गोंगाट (नॉइज) क्रँकची जागा सांगणाऱ्या सेन्सरमध्ये शिरतो, आणि मग आरपीएमचा काटा उड्या मारतो.

चौथी, प्लगची फट. बूस्टखाली मिस मारत असेल तर आधी फट १.० किंवा १.१ मिलिमीटरवरून ०.७ वर आणा. सिलिंडरमधला दाब वाढला की फट ओलांडायला लागणारे व्होल्टेज वाढते. फट कमी करणे हा फुकटचा उपाय आहे आणि तो कॉइलला त्रास देत नाही. यानेच मिसिंग गेले तर ड्वेल होता तिथेच राहू दे.

मिसिंगच्या बाबतीत लॅम्डा सेन्सर (सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा, इथे वाइडबँड) हमखास फसवतो. ठिणगी चुकली की न जळलेला ऑक्सिजन तसाच सायलेन्सरकडे जातो आणि वाइडबँड ‘लीन’ (इंधन कमी) दाखवतो. ट्यूनर इंधन वाढवतो, प्लग ओला होतो, मिसिंग आणखी वाढते, वाइडबँड आणखी लीन दाखवतो. उंच आरपीएमला किंवा बूस्टला अचानक, तुटक तुटक लीन दिसत असेल तर इंधनाच्या टेबलला हात लावण्याआधी ठिणगी तपासा.

एवढे सगळे नीट असेल तर मग करंट मोजायचा. लागणारी साधने फार नाहीत: दोन चॅनेलचा स्कोप आणि ६५ अँपिअरपर्यंतचा हॉल इफेक्टचा क्लॅम्प, जो एका अँपिअरला १०० मिलिव्होल्ट देतो. एसी मोजणारा साधा टाँग टेस्टर चालत नाही. क्लॅम्प आधी शून्यावर आणा, मग एकाच कॉइलच्या बारा व्होल्टच्या तारेवर लावा. दुसऱ्या चॅनेलवर ईसीयूचा सिग्नल घ्या. आडव्या रेषेवर एक खाना म्हणजे एक मिलिसेकंद. ट्यूनरस्टुडिओ या ट्यूनिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या आउटपुट टेस्टने एकेक कॉइल चालवता येते. त्या वेळी फ्युएल पंप आणि इंजेक्टरचे फ्यूज काढा, आणि कॉइलवर प्लग लावून तो इंजिनाच्या धातूला घट्ट टेकवा. सेकंडरी (प्लगकडचा वेढा) मोकळी ठेवून कॉइल कधीही चालवू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडून वाट करते, आणि एकदा फुटलेली कॉइल नंतर बूस्टखालीच दगा देते.

दीड मिलिसेकंदापासून सुरू करा आणि ०.२ ने वाढवत जा. प्रत्येक वेळी शिखराचा करंट लिहून ठेवा. स्कोपवर दिसणारा आकार बरेच काही सांगतो. चांगल्या साध्या कॉइलचा करंट जवळजवळ सरळ चढतो, शेवटाकडे किंचित वाकतो. आपल्या उदाहरणात तो सुरुवातीला मिलिसेकंदाला सुमारे ४.२ अँपिअरने चढेल. हाच उतार उलटा वापरून इंडक्टन्सही काढता येतो: १२.५ भागिले ४.२, म्हणजे ३ मिलिहेन्री. एका ठिकाणी रेषा अचानक वरच्या बाजूला मोडली तर तिथे कोअर सॅच्युरेट झाला. त्या मोडीच्या आधी साधारण १० टक्के थांबा, तोच तुमचा १४ व्होल्टचा आकडा. रेषा वर जाऊन सपाट झाली तर इग्नायटर करंट अडवून धरतो आहे. त्या सपाट भागात सगळी उष्णता इग्नायटर पोटात घेतो, म्हणून ड्वेल सपाटी सुरू होण्याआधीच संपला पाहिजे. आणि रेषा शून्यावरून न चढता सुरुवातीलाच उभी उडी मारत असेल तर दोनच शक्यता: प्रायमरीचे वेढे शॉर्ट आहेत, किंवा आधीची ठिणगी संपायच्या आत कॉइल पुन्हा भरायला घेतली आहे. फक्त उंच आरपीएमला उडी दिसली तर दुसरी शक्यता, आयडललाही दिसली तर कॉइल बदला.

काही स्मार्ट (आतच इग्नायटर असलेल्या) कॉइल जास्त ड्वेल मिळाला की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून ठिणगी देऊन टाकतात. जीएमच्या एलएस इंजिनाच्या कॉइल वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. अशी ठिणगी ईसीयूच्या आज्ञेआधी पडते. टायमिंगचा टेबल कितीही सौम्य असला तरी इंजिन नॉक करते, आणि बूस्टच्या इंजिनात पिस्टन जायला त्याहून जास्त काही लागत नाही. क्लॅम्पवर हे स्वच्छ दिसते: सिग्नल अजून वर आहे आणि करंट आधीच कोसळला आहे. म्हणूनच मी कॉइल जळण्यापेक्षा या प्रकाराला जास्त घाबरतो. जळलेली कॉइल बदलता येते.

१४ व्होल्टचा आकडा ठरला की १२ आणि १० व्होल्टचेही मोजा, नुसते सूत्रावर सोडू नका. यासाठी टेबलावरचा पॉवर सप्लाय लागतो. तो बहुधा झटक्याचा करंट देऊ शकत नाही, म्हणून त्याला समांतर २२,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एका ठिणगीला १२ व्होल्टला सुमारे ९ आणि १० व्होल्टला सुमारे १२ मिलिकुलंब लागतात, म्हणजे कपॅसिटरने एकट्याने दिले तरी व्होल्टेज ०.४ ते ०.६ ने पडेल, तेवढे चालते.

नंतर हेच मोजमाप गरम कॉइलवर. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला जवळपास ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशांवरून १०५ ला गेलेल्या कॉइलचा ०.५ ओहम ०.६६ होतो. १४ व्होल्टला याने फरक फार पडत नाही, १.९७ चे २.१० होतात. ८ व्होल्टला मात्र ४.६४ चे ५.६४ होतात. थंड गाडी पटकन सुरू होते पण धावून आल्यावर दहा मिनिटे बंद ठेवली की फिरवत बसावी लागते, या तक्रारीत इंधनाच्या बाष्पाइतकाच हा एक मिलिसेकंदही दोषी असू शकतो, त्यात बॅटरी जुनी असेल तर जास्तच. उन्हाळ्यातल्या सोलापूर-नागपूरच्या गाडीत व्होल्टेजचा तक्ता थंड गॅरेजमध्ये भरून चालणार नाही.

स्टार्टिंगच्या ड्वेलचा वेगळा रकाना असतो, त्यात आणखी एक खोच आहे. स्पीडुइनोत क्रँकिंगचा आकडाही व्होल्टेजच्या तक्त्यातून जातो. कुणी विचार करून तिथे ५ भरले, आणि तक्त्यात ८ व्होल्टला २३५ टक्के आहेत, तर हिशोब पावणेबारा मिलिसेकंदांवर जातो. एक तर क्रँकिंगला रनिंगइतकाच आकडा ठेवून तक्त्याला काम करू द्या, किंवा थोडाच जास्त ठेवा.

याच्याच जोडीला ओव्हरड्वेल प्रोटेक्शन. ही मर्यादा चालू असावी, पण ती हव्या असलेल्या ड्वेलला खेटून ठेवू नये. क्रँकिंगला पिस्टन कॉम्प्रेशनवर चढताना क्रँक मंदावतो, त्यामुळे ईसीयूने आधी लावलेल्या अंदाजापेक्षा ठिणगीचा कोन उशिरा येतो आणि प्रत्यक्ष ड्वेल लांबतो. मर्यादा जवळ असेल तर ती मधेच कॉइल सोडते, आणि सोडणे म्हणजेच ठिणगी. कॉम्प्रेशनच्या मध्यावर ठिणगी पडली की इंजिन उलटा झटका मारते, स्टार्टरच्या गिअरचे दात जातात. व्होल्टेजची दुरुस्ती धरून जो सर्वात मोठा ड्वेल येतो, त्यापेक्षा किमान ३ मिलिसेकंद वर ही मर्यादा ठेवा. आपल्या उदाहरणात ४.६४ अधिक ३, म्हणजे ८ च्या आसपास, आणि गरम कॉइलचा हिशोब धरला तर ९.

सगळे भरून झाल्यावर रस्त्यावर किंवा डायनोवर वीस मिनिटे चालवा आणि इंजिन बंद केल्याबरोबर चारही कॉइलचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. चारही जवळपास सारख्या असाव्यात. एखादी वेगळी गरम असेल तर ती आणि तिच्या शेजारची कॉइल अदलाबदल करून पुन्हा चालवा. गरमी कॉइलबरोबर गेली तर कॉइल खराब, जागेवरच राहिली तर त्या जागेचा ड्रायव्हर, तार किंवा अर्थिंग.

आणि फर्मवेअर चढवताना कॉइलचा फ्यूज काढून ठेवा. त्या काही सेकंदांत ईसीयूच्या पिना कुठल्या अवस्थेत असतील याचा नेम नसतो, एखादी वर अडकली तर कॉइल तितका वेळ भरत राहते. कॉइलच्या रिलेला फ्युएल पंपाच्या रिलेच्या आउटपुटवरूनच चालवले तर आणखी बरे. इंजिन फिरत नसेल तर पंप दोन-तीन सेकंदांत बंद होतो आणि त्याच्याबरोबर कॉइलचा पुरवठाही.